स्क्रूवरची नेलपॉलिश

माझे हात फार वाईट. नीट चालणारी मोटर दिसली की ते शिवशिवतात. अजून थोडी सुधारेल म्हणून मी स्क्रू फिरवतो आणि चांगल्याचं वाटोळं करतो. बायको म्हणायची, "चालतंय न्हवं? मग कशाला बोटं घालता? राहवतच न्हाई तुमाला." ती भोसरीच्याच जुन्या घरातली, मी बाहेरून आलेला. शब्द तिचाच चालायचा.

भोसरीत आमचा छोटा गाळा आहे. डीसी मोटरचे ड्राइव्ह दुरुस्त करायचे, एवढाच धंदा. या मोटरचं दुखणं साधं असतं. लोड आला की ती दबते, लोड गेला की उधळते. ड्राइव्हमधलं कार्ड तिच्या वेगावर नजर ठेवतं आणि वीज कमीजास्त करून तिला सांभाळतं. किती जोराने सांभाळायचं, ते कार्डावरचा एक चिमुकला स्क्रू ठरवतो. कमी पडला तर मोटर दबलेलीच राहते, जास्त झाला तर हेलकावे खात बसते.

हे सेटिंग एकट्याने होत नाही, कुणीतरी लोड द्यावा लागतो. तो ती द्यायची. मोटरच्या पुलीवर काथ्याचा दोर टाकून, पदर खोचून ओढायची. "आता?" ती विचारायची. "अजून," मी म्हणायचो. दोर तापून जळका वास यायचा. तिने कितीही ओढलं तरी मोटरचा आवाज तसाच राहिला, की जमलं. मग मी पुन्हा हात घालायच्या आत ती पर्समधली लाल नेलपॉलिश काढायची, स्क्रूवर एक थेंब सोडायची आणि फुंकर मारायची. वाळली की स्क्रू जाम. गिऱ्हाइकांना वाटायचं, ही आमची खूणच असेल.

गेल्या वर्षी तिला कावीळ झाली. कावीळच तर आहे म्हणून दवाखान्यात नेलं आणि मी एकटा घरी आलो. तेव्हापासून नवीन सेटिंगचं काम मी घेतलंच नाही.

परवा चाकणच्या एका केबल कारखान्यातून फोन आला. तारेवर प्लास्टिक चढवणारं मशीन, ड्राइव्ह आम्हीच सेट केलेला. वेग हलत होता, थर कुठे जाड तर कुठे पातळ येत होता. मी पॅनेल उघडलं. कार्डावर तिचा लाल थेंब होता, घाईत एका बाजूला ओघळलेला.

मी मोटरचे ब्रश बदलले. वायरी आवळल्या. नको ते सगळं करून पाहिलं.

"राव, तो स्क्रू फिरवून बघा की," सुपरवायझर म्हणाला.

"तुम्ही गप बसा हो भाऊ," मी खेकसलो.  तो बिचारा हळूच म्हणाला, की हल्ली ते आधीपेक्षा जाड केबल काढतात. म्हणजे सेटिंग चुकलेलं नव्हतं. लोड वाढला होता.

मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने नेलपॉलिश खरवडली.  पडलेला लाल चुरा कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवला. जाड केबल लावून मशीन सुरू झालं. सुपरवायझर पलीकडून लोड वाढवत ओरडला, "आता?"

  "अजून," मी म्हणालो आणि स्क्रू फिरवला. मोटर एका सुरात चालू लागली.

स्क्रू मोकळा सोडून चालणार नव्हतं. आपल्या हातांना मी ओळखतो. घरातली तिची बाटली सुकून गेली होती. संध्याकाळी भोसरीतल्या एका दुकानात गेलो आणि पुडी उघडून काउंटरवर ठेवली. तिथल्या मुलीने नेलपॉलिशच्या चार बाटल्या लावून पाहिल्या, त्यातली एक तंतोतंत जुळली.

"काकूंना नाही आवडली तर उद्या बदलून न्या, काका. फक्त उघडू नका," ती म्हणाली.

"तिला हाच रंग आवडतो," मी म्हणालो.