रामहरीची वाट, रामहरीचा जबाब

रामहरी गेल्याचं मला त्याच्या चुलत्यांनी फोनवर सांगितलं. मारुतीकाका मेंढपाळ माणूस, फोनवर मोजकंच बोलतात. "पोरी, राम्या गेला. चौसाळ्याच्या अलीकडं, हायवेला. टेम्पोनं उडवलं सायकलसकट." मला पहिला प्रश्न सुचला तो वेडगळच होता. हायवेला कशाला गेला होता तो? जन्मभर डांबराला नावं ठेवणारा माणूस... काका म्हणाले, "मंग कुठं जाईल? डोंगराला कुलूप लावलंय की." मी रडले नाही. मला राग आला. पुढच्याच आठवड्यात तो तहसीलला येऊन आपला जबाब मागे घेणार होता. तसा शब्द त्याने मला दिला होता. आता शब्द देणारा गेला आणि खोटा जबाब तेवढा मागे राहिला.

वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी त्याच्याबद्दल 'चार चांगले शब्द' मागितले गेले. चांगले शब्द माझ्याकडे आहेत. ते आधी लिहिते.

लिंबागणेशच्या वरच्या अंगाला बालाघाटाच्या डोंगरातून एक वाट जाते. ती कुणी बांधलेली नाही, मेंढरांच्या खुरांनी पडलेली आहे. रामहरीच्या घरची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाटेने खिंड ओलांडून पलीकडच्या गायरानात आणि तळ्यावर जातात. बाप लहानपणीच गेलेला, काकांनीच त्याला वाढवलं. कॉलेजात असताना त्याने कुणाचीतरी जुनी गिअरची सायकल आणली आणि थेट त्या वाटेवर घातली. पडला, सोलवटला, पुन्हा चढला. पुढे सह्याद्रीतल्या शर्यतींना जाऊ लागला, एकदा हिमाचललाही जाऊन आला. आल्यावर म्हणाला, "तिकडचे डोंगर लई उंच हायेत, पण वाट आपली भारी." देशभर तेव्हा डोंगर दिसला की लोक सायकलीचा ट्रेल आखायला लागले होते. रामहरीला वाटे, हे आपल्याकडे का नको? बीडचं नाव दुष्काळ सोडून दुसऱ्या कशासाठी तरी घेतलं जावं. त्याने दोस्त जमवले, टिकाव-फावडी घेतली, वळणं रुंद केली, पावसात वाट वाहून जाऊ नये म्हणून आडवे दगड बसवले. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती आणि मी अक्षरं त्यांवरच गिरवली. म्हणून तो मला पत्रकबाई म्हणायचा. "पत्रकबाई, नुसतं छापू नका, जरा दगड उचला." मी उचलले. फार आनंदाचे दिवस होते ते, हे मला नाकारता येत नाही.

त्याच दिवसांतली एक गोष्ट. बीडहून एक हौशी तरुण नवी कोरी सायकल घेऊन आला. हँडलला घुंगरासारखी सतत वाजणारी छोटी घंटी. काकांच्या कळपाचा म्होरक्या म्हणजे एक बोकड, त्याच्या गळ्यात तशाच आवाजाची घंटा. मेंढरं डोळ्यांनी चालत नाहीत, त्या आवाजाने चालतात. सायकल शेजारून गेली आणि अख्खा कळप बोकड सोडून तिच्यामागे पळत सुटला. तो तरुण भ्यायला, त्याने जोरात पायडल मारले. घंटी आणखी वाजली, मेंढरं आणखी पळाली, आणि सर्वांत मागे काका, शिव्यांची लाखोली वाहत. रामहरी हसून हसून खाली बसला. मग एकदम उठला. पुढे कड्याचं वळण होतं. तो आडवा धावला, घंटी मुठीत धरून बंद केली. त्या दिवसापासून नियमच झाला. वाटेच्या तोंडाशी घंटी काढायची, पुढे तोंडाने हाक द्यायची, आणि मेंढरं आली की उतरून बाजूला उभं राहायचं. नव्याला तो दमात घ्यायचा, "काढ बे घंटी. न्हाईतर सासुरवाडीपर्यंत येतील मेंढरं तुझ्यामागं."

मग आयोजक आले. मोठ्या शहरातले, गोड बोलणारे. खिंडीतली जमीन त्यांनी मालकाकडून भाडेपट्ट्याने घेतली आणि भव्य शर्यत जाहीर केली. मी 'वाट कुणाची?' असं पत्रक काढलं. लिंबागणेशच्या बाजारात ते माझ्यासोबत कुणी वाटलं? रामहरीने. ओरडून ओरडून वाटलं. आणि पुढच्याच महिन्यात आयोजकांनी त्याला मार्गप्रमुख केलं. अंगात त्यांचा टी-शर्ट, डोक्यावर त्यांचं हेल्मेट. मी विचारलं तर म्हणाला, "आत राहून बदलता येतंय." हे वाक्य मी वडिलांच्या किती मित्रांच्या तोंडून ऐकलंय... आत गेलेला माणूस बदलतो, आत काही बदलत नाही.

शर्यतीच्या सकाळी प्रत्येक सायकलला घंटी होती. सुरक्षेचा नियम, सक्तीचा. मी त्याला गर्दीतून बाजूला ओढलं. "राम्या, घंट्या?"

"सगळीकडं असतंय तसं. लई गरम होऊ नका. काकांना मी सांगतो, आज मेंढरं सोडू नका म्हणून."

त्याने सांगितलं नाही. काका रोजच्यासारखे निघाले. पहिल्या सायकली खिंडीतून उतरल्या आणि कळप त्यांच्यामागे धावला. कड्याच्या वळणावर सायकली वळल्या, मेंढरं वळली नाहीत. पुढची पडली म्हणून मागची पडली. मी पोचले तेव्हा काका उताराला बसून एका कोकराच्या तोंडाला पाण्याची बाटली लावत होते. ते मेलेलं होतं. वर लाऊडस्पीकरवर विजेत्यांची नावं चालू होती.

आयोजकांनी चूक मेंढपाळांची ठरवली आणि खिंडीत लोखंडी फाटक बसवून कुलूप घातलं. काकांनी वाट मोकळी करून मागण्यासाठी तहसीलला दावा लावला. तिथे आयोजकांच्या बाजूने जबाब आला, सहीनिशी. 'चुलत्यांना मी आदल्या दिवशी कळवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.' सही रामहरीची.

लिंबागणेशच्या चहाच्या टपरीवर मी त्याला गाठलं. "सांगितलं होतंस काकांना?"

"सांगणारच होतो."

"सांगितलं होतंस का?"

"...न्हाई."

"मग जबाब कावून दिलास?"

"अगं, शर्यत कायमची बंद पडली असती. एवढी वर्षं खणलंय आमी." मग तो खाली बघत म्हणाला, "काका माझेच हायेत. घेतील समजून."

सगळा विश्वासघात त्या शेवटच्या वाक्यात होता. परक्यांची मर्जी राखायची आणि आपल्यांनी समजून घ्यायचं. आपल्या माणसावर पाय देऊन वर चढता येतं, कारण ते माणूस ओरडत नाही.

पुढे ते कुलूप त्यालाही लागलं. शर्यत नसेल तेव्हा सरावाला परवानगी काढा, म्हणाले. ज्या वाटेचा दगडन्‌दगड त्याने बसवला, तिथे तो फाटकाबाहेर उभा. तेव्हा कुठे तो माझ्याकडे आला, म्हणाला, "येतो तहसीलला. खरं ते सांगतो." आणि सरावासाठी हायवेला जात राहिला.

शोकसभा आयोजकांनीच घेतली. शर्यतीला त्याचं नाव देणार म्हणाले, 'डोंगराचा सुपुत्र' म्हणाले. काका मागच्या सतरंजीवर बसले होते. त्यांना पुढे या असंही कुणी म्हटलं नाही.

मग तहसीलची तारीख आली. समोरच्या वकिलाने तो जबाब मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "साहेब, मयत इसम स्वतःच्या चुलत्याविरुद्ध खोटं कशाला बोलेल?" भावकीने काकांना आधीच बजावलं होतं, गेलेल्या लेकराला चारचौघांत खोटं पाडू नका, वाट गेली तर जाऊ द्या. साहेबांनी विचारलं, "तुमचं म्हणणं काय?" काकांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला. "साहेब, पोरगं माझंच हाय. मीच वाढवलं. पण ते खोटं बोललं. मला कुणी काय सांगितलं न्हाई." मग पटका परत डोक्याला गुंडाळत म्हणाले, "वाट मातर खरी हाय." निकाल अजून लागायचा आहे.

परत येताना मी काकांच्या घरी थांबले. पत्र्याच्या भिंतीला खुंटीवर रामहरीचं हेल्मेट उलटं टांगलेलं, काकू त्यात अंडी ठेवते. "डोसकं काय वाचलं न्हाई, अंडी तरी वाचू दे," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. मी अंडी काढून हेल्मेट हातात घेतलं. पुढच्या बाजूला आयोजकांचं नाव होतं तिथे नुसते ओरखडे. कुणी खरडलं, विचारलं. काकू म्हणाली, "त्यानंच की. मरायच्या आधी दोन-तीन दिवस पातं घेऊन बसायचा उंबऱ्यात. लई चिवट रंग, म्हणायचा."

मला वाटतं, तिला माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं. तो बदलला होता, तो येणारच होता, असं काहीतरी. मला ते म्हणता आलं नाही. जेवढा वेळ तो रंग खरडत बसला, तेवढ्यात तहसीलला जाऊन येता आलं असतं. मी अंडी एकेक करून परत आत ठेवली.