वळचणीचं पाणी

सासूबाईंच्या खोलीचं दार पावसाळ्यात लागेनासं झालं. शिराळ्याच्या बाजूला पाऊस भरपूर, लाकूड फुगणारच, म्हणून नवऱ्याने त्यावर रंधा मारला. उन्हाळ्यात दार वरून सैल झालं आणि खाली फरशीला घासायला लागलं. लाकडाने फुगावं, पण चौकटीसकट एका कोपऱ्याकडे झुकायचं काय कारण? मी तसं म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "नवं घर हाय, बसतंय अजून. तू तरी लगीच बसलीस व्हय ह्या घरात?"

नवरा फौजेतून रिटायर होऊन आला तेव्हा हे घर बांधलं. पुढे स्लॅब, मागे पत्र्याच्या दोन खोल्या. त्यातली कोपऱ्यातली सासूबाईंची. पत्र्याच्या कडेला पन्हळ आणि पन्हळीतून खाली उतरणारा पाइप. हा पाइप लांब न्यायचं ठरलं होतं, पण सासूबाईंनी तो कोपऱ्यावरच थांबवायला लावला आणि तिथेच, भिंतीला लागून, केळी लावल्या. त्यांचं माहेर म्हसवडकडचं. तिथे भांडी विसळलेलं पाणीसुद्धा झाडाला जातं. छपराचं एवढं पाणी कोण सोडून देईल? म्हसवडात ते शहाणपण ठरलं असतं. इथे पाऊस आठ आठ दिवस उघडत नाही आणि जमीन काळी. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि वर जे उभं असेल त्यालाही सोबत हलवते. केळी मात्र झकास आल्या होत्या.

मग खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरकी चीर गेली. नवऱ्याने सिमेंट भरून वर रंग दिला. पुढच्या वर्षी ती रंगासकट उघडली, बोट जाईल एवढी. "आये, तू पुढच्या खोलीत ये," तो म्हणाला.

"मी हितनं हलणार न्हाई. मागलं दार उघडलं की रान दिसतंय मला. पुढं येऊन काय, तुमची टीव्ही बघू?"

नागपंचमीच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. मागच्या बाजूला धो धो आवाज आला म्हणून छत्री घेऊन गेले. पन्हळ आंब्याच्या पानांनी तुंबली होती, काठावरून पाणी भिंतीवर पडत होतं, आणि पाइपातून येणारं थेट कोपऱ्यात. केळीच्या बुंध्यामागे जोत्याखालची माती वाहून गेलेली दिसली. हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. नागपंचमीला बिळात हात घालू नये, हे तेव्हा सुचलं नाही.

नवरा कुदळ घेऊनच आला. केळी तोडायच्या, पाया उकरायचा, काँक्रीट ओतायचं. सासूबाई दारात उभ्या.

"आज माती उकरायची न्हाई. कोयता बी लावायचा न्हाई. फौजेत जाऊन इसरलास व्हय?"

"आये, तुझीच खोली पडाय लागलीया!"

"आज न्हाई पडत. उद्या खण."

त्यापुढे कोणाचं चालणार? खणायचं नाही, तोडायचं नाही; मग हात लावायला उरलं फक्त पाणी. उसाला पाणी द्यायच्या पाइपांचे जादा तुकडे गोठ्यामागे पडले होते. मी ते एकात एक बसवले, खाली विटा ठेवल्या आणि रानाच्या उतारापर्यंत नेले. नवऱ्याने शिडीवर चढून पन्हळ हाताने उपसली.

"माझ्या केळींच्या तोंडचं पाणी पळवलंस की गं," सासूबाई म्हणाल्या.

"आत्ती, त्यांना वरनं मिळतंय की."

"सून सासूला शिकवाय लागली. वळचणीचं पाणी आढ्याला गेलं म्हणायचं."

"तेच तर झालंय. आत या, दाखवते."

फरशीपासून चढलेली ओल खिडकीच्याही वर गेली होती. त्यांनी भिंतीला तळहात लावला, साडीला पुसला. मग म्हणाल्या, "तर मग केळी बी तिकडंच न्हे. पाणी जातंय तिकडं."

संध्याकाळपर्यंत पाऊस चालूच होता, पण कोपऱ्यातल्या खड्ड्यातलं पाणी मुरून गेलं होतं. इतके दिवस आम्ही दार तासत होतो, भिंत लिंपत होतो. सणाने कुदळ खाली ठेवायला लावली नसती, तर त्या दिवशीही आधी पायाच उकरला असता आणि पाइप तिथेच राहिला असता.

कोपऱ्याखाली दगड आणि काँक्रीट भरून घेतलं ते पुढे, जमीन वाळल्यावर. भिंतीपासून उतार राहील असा मुरूम चोपला. केळीची पिल्लं पाइपाच्या तोंडाशी लावली. पावसाळ्याआधी पन्हळ साफ करायचं काम नवऱ्याकडे आहे आणि शिडी धरायचं माझ्याकडे. सासूबाई खुर्ची टाकून दोघांच्या चुका काढतात.

दाराची चौकट सरळ करून घेतली. चीर भरली आहे, अजून तरी उघडलेली नाही. सासूबाई त्याच खोलीत आहेत. दार आता बारा महिने लागतं. माझ्यावर चिडल्या की त्या ते धाडकन लावतात, आणि ते एका झटक्यात बसतं.