अण्णांच्या किडनीचा तुकडा

आमच्या घरात मला पुरती डॉक्टर मानत नाहीत. मी नाडी धरत नाही, गोळ्या लिहून देत नाही, इंजेक्शन टोचत नाही. मी किडनीचे तुकडे बघते. सुईने काढलेला, शेवईच्या काडीसारखा तुकडा माझ्या विभागात येतो. त्याचे कागदाहून पातळ काप काढून काचेवर चढवतात, रंगवतात, आणि मग मी सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगते की आत नेमकं काय बिघडलंय. माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, पाहुण्यांना माझी ओळख करून देतात, "ही आमच्या घरची डॉक्टर. पण बीमार पडलात तर दुसरीकडे जा."

अण्णा दशाश्वमेधावर बसतात. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पिंडदान करायचं काम आमच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ठरलेल्या घराण्यांचे ठरलेले आम्ही. आजोबांनी ज्या यजमानाचं कार्य केलं, त्याच्या नातवाचं अण्णा करतात. माझा नवरा या व्यवसायात पडला नाही, बँकेत गेला. घरात भांडण निघालं की त्याला नेमकं ऑडिट असतं.

अण्णांच्या पायांना सूज आली ती आधी वहिनींना, म्हणजे माझ्या जाऊबाईंना, दिसली, कारण अण्णांच्या वहाणांचे पट्टे बसेनासे झाले. अण्णांचं म्हणणं, दिवसभर घाटावरच्या लाकडी चौकीवर मांडी घालून बसल्यावर पाय सुजणारच. मी एकदा त्यांच्याकडे जेवताना विचारलं, "लघवीला फेस येतो का?"

"अगं, वरणभात वाढलाय समोर!" अण्णा म्हणाले.

"येतो का, ते सांगा."

"येतो. तर काय झालं?"

झालं असं, की तपासणीत लघवीतून ढीगभर प्रथिनं जाताना दिसली. किडनी म्हणजे गाळणी. जे अंगात राहायला हवं तेच ती सोडून देत होती. आमच्याच हॉस्पिटलातल्या किडनीच्या डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली. ते इथलेच, बनारसी, माझ्याशी हिंदीत बोलतात आणि माझ्या रिपोर्टवर औषध ठरवतात.

घरी अण्णांनी ठाम नकार दिला. "देहाचा तुकडा काढून घेतलेल्या ब्राह्मणाने श्राद्धाला बसायचं? लोक काय म्हणतील?"

"दोन दाढा काढल्यात तुम्ही. मोतीबिंदू काढलाय. तेव्हा यजमान उठून गेले होते का?"

वहिनी पदर तोंडाशी धरून हसल्या. अण्णा म्हणाले, "हिच्याशी बोलणं म्हणजे बिलकुल झमेला." पण आले.

बायोप्सीच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, काही औषधं चालू आहेत का? मधुमेहाची गोळी, अण्णा म्हणाले. आणखी काही? देशी दवा, भस्म, पुडी, चूर्ण? "कुछ नहीं." मी पुन्हा मराठीत विचारलं. "सांगितलं ना, नाही म्हणून." मग पालथे झोपले, श्वास रोखायला सांगितलं तेव्हा रोखला, आणि सुई आत जाऊन बाहेर आली. तुकडा मी तिथेच भिंगाखाली धरून पाहिला. किडनीतल्या बारीक गाळण्यांचे लालसर ठिपके दिसत होते, म्हणजे सुई योग्य जागी लागली होती. अण्णांनी उशीत तोंड खुपसूनच विचारलं, "मिळालं का तुझ्या मनासारखं?"

"मिळालं. आता हलू नका."

विभागप्रमुखांनी मला बोलावून घेतलं. घरच्या माणसाची स्लाइड आपण बघू नये, भावना आड येतात, म्हणाले. आमच्या विभागात किडनी वाचणारी मी एकटी. मी म्हटलं, भावना आड आल्या तर कळवीन. तोवर स्लाइडचे फोटो दुसऱ्या शहरातल्या एका सहकारी बाईंना पाठवते, त्या परक्या आहेत, त्यांचं मतही घेऊ. विभागप्रमुखांना हे आवडलं नाही, पण चूकही काढता आली नाही.

चांदीचा रंग दिलेल्या काचेवर सगळं स्पष्ट होतं. गाळणीच्या पडद्याची रेघ एरवी गुळगुळीत असते. इथे तिला बारीक काळे दात फुटले होते, फणीसारखे. दुसऱ्या तुकड्यावर चमकणारा रंग दिला होता, तो अंधाऱ्या खोलीत पाहिला तर पडद्याच्या कडेकडेने हिरवे कण ठिपकत गेलेले. आजार कळला, पडदा जाड होण्याचा. मेम्ब्रेनस म्हणतात त्याला. पण आजाराचं नाव सांगून काम संपत नाही. का झाला, ते सांगावं लागतं. बहुतेकांत शरीर आपल्याच एका प्रथिनावर उठतं. त्याची खूण तपासली, ती आली नाही. मग दुसऱ्या एका प्रथिनाची खूण तपासली. ती आली, आणि ठळक आली. सहकारी बाईंचं उत्तरही तेच.

ही दुसरी खूण आली की दोन गोष्टी आधी शोधायच्या. एक, कुठे कर्करोग लपलाय का. दुसरी, माणूस पारा असलेलं देशी औषध खातोय का.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "कैंसर की जाँच करवा लेते हैं. पर दवा तो हमने पूछी थी, आपके सामने. पंडितजी झूठ बोलेंगे?"

"पंडितजी झूठ नहीं बोलते. स्लाइड भी नहीं बोलती."

"तो फिर?"

"तो फिर ठहरिए."

कर्करोगाच्या सगळ्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. सूज वाढत होती, आणि डॉक्टरांना आता थांबायचं नव्हतं. स्टेरॉइड आणि सोबत एक जालीम औषध, महिनोन्‌महिने. मधुमेह असलेल्या, साठी उलटलेल्या माणसाला ते दिलं की साखर भडकणार, कुठला तरी संसर्ग होणार, हे मला दिसत होतं. आणि अण्णा पारा खातच राहिले तर या औषधांनी मुळावर काहीच इलाज होणार नव्हता. मी थोडे दिवस मागून घेतले. डॉक्टर म्हणाले, "आप ज़िद कर रही हैं." मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दिरांच्या घरी गेले आणि ठाण मांडून बसले. विचारून झालं होतं, आता तोंडात जाईल ते ते डोळ्यांनी बघायचं ठरवलं. चहा पाहिला. पाण्याचा तांब्या पाहिला. मधुमेहाची गोळी पाहिली. वहिनी म्हणाल्या, "आता काय, घासही मोजशील?"

"गरज पडली तर मोजीन."

अण्णा पूजेला बसले. मी दारातच बसून होते. आरती झाली, तीर्थ घेतलं, आणि मग देवापुढच्या चांदीच्या डबीतून त्यांनी चिमूटभर काहीतरी काढलं, मधात कालवलं आणि चाटलं.

"हे काय?"

"प्रसाद."

"कुणाचा?"

"यजमानांनी दिलाय. दरसाल देतात."

यजमान म्हणजे विदर्भातले एक म्हातारे वैद्य. दरवर्षी वडिलांचं श्राद्ध करायला येतात. काही वर्षांपूर्वी अण्णांना थकवा वाटत होता, तेव्हा त्यांनी दक्षिणेबरोबर एक पुडी दिली, शक्तीसाठी. ताम्हनात, तुळशीचं पान ठेवून. ताम्हनातून आलेलं ते दान. दान देवापुढं ठेवलं. देवापुढं ठेवलेला तो प्रसाद. आता तो औषध कसा असेल? अण्णा खोटं बोललेच नव्हते. त्यांच्या हिशेबी ते औषध घेत नव्हतेच.

मी डबी उघडली. काजळासारखी काळी, मऊसूत भुकटी. बोटावर घासली तर बोटांच्या रेषांत जाऊन बसली. याला कज्जली म्हणतात, पारा आणि गंधक तासन्‌तास खलून करतात. माझ्या आजोळचे लोक वैद्यकी करायचे, मला हे पाहून माहीत होतं. तरी मी अंदाजावर राहिले नाही. थोडी भुकटी तपासायला पाठवली. पारा निघाला, भरपूर.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते उसळले. "म्हणजे त्या माणसाने मला जहर दिलं म्हणतेस?"

"त्यांनी प्रेमाने दिलं असेल. किडनीला प्रेम कळत नाही."

"तुझ्या काचेचं तुझ्यापाशी ठेव. यजमानाचं दान टाकायचं नसतं. माझे आजोबा उपाशी राहिले, पण कुणाचं परत केलं नाही."

"काढा प्या, त्रिफळा घ्या, मी बोलायला येणार नाही. ही डबी मात्र बंद."

बंद झाली ती माझ्यामुळे नाही. वहिनी उठल्या, देव्हाऱ्यातून डबी काढली आणि माझ्या हातात दिली. एवढ्या वर्षांत अण्णांना न विचारता त्यांनी देव्हाऱ्यातली वस्तू हलवलेली मी पाहिली नव्हती. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "केरात नको टाकू बाई. आण, मी मुन्शी घाटावरून गंगेत सोडते."

"अजिबात नाही. मासे खातील, मासे खाणारी माणसं खातील, आणि मग त्यांचेही तुकडे मलाच बघावे लागतील." डबी रिकामी करून परत दिली. भुकटी घट्ट झाकणाच्या बरणीत भरून आमच्या विभागात नेली आणि विषारी रसायनांच्या कचऱ्यात रीतसर जमा केली.

अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी त्यांना विभागात घेऊन गेले. सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं, तोच चांदीचा रंग दिलेला काप लावला आणि म्हटलं, "बघा." ते बराच वेळ डोळा लावून बसले. मग मी दुसऱ्या, निरोगी किडनीची काच दाखवली, आणि पुन्हा त्यांची. एक गुळगुळीत रेघ, एक दातरी.

"हे माझं?"

"तुमचंच. उशीत तोंड खुपसून दिलंत ते."

"हे पुन्हा पहिल्यासारखं होईल?"

"पारा थांबला तर बहुधा होईल. खात्री देत नाही. पारा चालू राहिला तर किडनी जाईल, याची देते."

भुकटीचा रिपोर्ट पाहून डॉक्टर थांबायला तयार झाले. सूज उतरवायची गोळी, रक्तदाबाची गोळी, आणि दर काही आठवड्यांनी लघवीची तपासणी. एवढंच.

खरी परीक्षा पितृपक्षात होती. वैद्य येणार, नवी पुडी आणणार. अण्णा त्यांच्या तोंडावर नाही म्हणू शकतील का, याचा मला भरवसा नव्हता. एकदा पुडी हातात आली की देवापुढं जाणार, आणि देवापुढची पोटात. मी रजा काढून घाटावर गेले. अण्णा चौकीवर मला बघून म्हणाले, "इथेही आलीस?"

"आले."

वैद्य सज्जन होते. पांढरंशुभ्र धोतर, नातू आणि सून बरोबर, आजूबाजूला आणखी यात्रेकरू. श्राद्ध यथासांग झालं. मग त्यांनी ताम्हनात दक्षिणा ठेवली, शेजारी पुडी ठेवली, वर तुळशीचं पान. "बुवा, गेल्या वर्षीची संपली असेल."

अण्णांचा हात पुढे झाला आणि मधेच थांबला. ताम्हनाकडे बघतच ते म्हणाले, "पुडीचं आमच्या धाकट्या भावजयीला विचारा."

वैद्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. बायोप्सी, पडदा, पारा. आवाज खाली आणला नाही, आणि वरही नेला नाही. ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला.

"बाई, हे आमच्या घराण्याचं पाच पिढ्यांचं औषध आहे."

"असेल. किडन्या मात्र प्रत्येकाला आपापल्याच मिळतात."

"मी स्वतः घेतो रोज!"

"मग तुमची लघवी आजच तपासून घ्या. आमच्याकडे चला, मी बरोबर येते."

त्यांच्या सुनेने हे ऐकलं. वैद्यांनी ऐकायचं नाकारलं. पुडी उचलली, दक्षिणा राहू दिली आणि पायऱ्या चढून गेले. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "तीर्थाच्या ठिकाणी असं बोलतात का?" मी म्हटलं, "तीर्थाच्या ठिकाणी खोटं बोलू का?"

त्यानंतर ते घराणं आमच्याकडे आलं नाही. पलीकडच्या घाटावरच्या कुणाकडे जातात म्हणे. पिढ्यांचा यजमान गेला, आणि तो माझ्यामुळे गेला, हे अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. खरंच आहे, म्हणून मी खोडत नाही. वैद्यांच्या सुनेने मात्र माझा नंबर कुठून तरी मिळवला आणि फोन करून तपासणी कुठली ते विचारून घेतलं. त्यांची तपासणी झाली की नाही, ते तिने अजून सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारलंय, तिसऱ्यांदाही विचारीन.

दरम्यान हॉस्पिटलात मी एक गोष्ट बदलायला लावली. "औषध घेता का?" एवढं विचारून थांबायचं नाही. देवापुढचं, कुणी दिलेलं, चिमूटभर, मधातून, काहीही तोंडात टाकता का, असं विचारायचं. काही डॉक्टर कुरकुरले, पेशंटच्या श्रद्धेला धक्का लागतो म्हणून. मी म्हटलं, धक्का लागेल त्याला माझ्याकडे पाठवा, मी बोलते. रामनगरहून आलेल्या एका बाईने परवाच सरळ पदराची गाठ सोडली आणि पुडी टेबलावर ठेवली. प्रश्न नीट विचारला की लोक उत्तर देतात.

अण्णांच्या लघवीतली प्रथिनं हळूहळू उतरली. मधे एकदा पुन्हा थोडी वाढली, तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन परत सकाळभर बसले, पण काही सापडलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा उतरली. जालीम औषधं द्यायची वेळ आली नाही. पायात वहाणा बसतात. तपासणीला येताना बाटली दोन रुमालांत गुंडाळून आणतात आणि माझ्या टेबलावर जोरात आपटतात.

"घे. तुझ्यापायी यजमान गेला."

"पुढची तपासणी दिवाळीनंतर," मी म्हणते, आणि बाटलीवर नंबर चिकटवते.