माहेर कोणतं?

तामसी-आदिलाबाद बसमध्ये एक नर्स नेहमी दाराजवळ बसते आणि चढणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला एकच विचारते, "माहेर कोणतं वं तुयं?" मला ती आगाऊच वाटायची.

एकदा मी टोकलंच, "काऊन इचारून रायली वं साऱ्याईले?"

तिनं मोबाइलवरचा नकाशा दाखवला. पुढच्या शिक्षणासाठी ती तो करत होती. दवाखान्याजवळची गावं हिरवी, लांबची लाल. "काकू, आमी बाया सासरी मोजल्या. पण पयलं बाळंतपण तर माहेरी होते नं! नकाशाच चुकला." मग हळूच म्हणाली, "तुमची लेकबी पोटुशी हाये म्हणे. कवा येऊन रायली?"

"पुढच्या महिन्यात."

लेकीचं सासर आदिलाबादेत, हिरव्यात. आमचं गाव लाल.

"तिले तिथंच राहू द्या. तुमीच जा."

आमच्यात पहिलटकरीण माहेरीच येते. मी रागानं तोंड फिरवलं.

महिन्याभरानं डिंकाच्या लाडवांचा डबा आणि जुन्या लुगड्याची दुपटी बांधून मी बसमध्ये चढले. साऱ्यांना विचारणारी ती मला काहीच विचारेना. सरकून तिनं जागा केली आणि माझं गाठोडं आपल्या मांडीवर घेतलं.