तिप्पण्णाची आखूड पाकळी

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत तिप्पण्णाचं घर विचारलं, तर पोरंटोरंसुद्धा "कोण, मिसरवाले?" म्हणत. इजिप्तला तो जुन्या वळणाने मिसर म्हणायचा, आणि मिसरची माणसं मुळात आपल्याकडचीच, असं त्याचं ठाम मत होतं. इथले विणकर समुद्रावरून गेले, तिथल्या नदीकाठी वसले, मग पिरॅमिड वगैरे झाले. जग त्याचं श्रेय भलत्यांनाच देतं, याचा त्याला खरोखर राग यायचा.

पुरावा एकच, पण घरचा. बाप चनमल्लप्पा हातमागावर चादरी विणायचा. तो वारला तेव्हा तिप्पण्णा भिवंडीला कामाला होता. धावतपळत आला, पण मातीलाही पोचला नाही. ट्रंकेत बापाने विणलेली एक चादर सापडली, काठाला कमळ असलेली. पुढे कित्येक वर्षांनी वाचनालयातल्या पुस्तकात मिसरच्या थडग्यावर तस्संच कमळ दिसलं आणि गडी कामातून गेला. हा नमुना बापाला आज्याकडून, आज्याला पणज्याकडून आला असणार, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं.

कमळाची डावीकडची एक पाकळी आखूड होती. तिच्यावर त्याने अकरा पानं लिहिली. आखूड पाकळी म्हणजे मिसरला न जाता सोलापुरातच मागे राहिलेली भावकी! अशा सहा वह्या भरल्या. तीस वर्षांत कैरोला, लंडनला, पुण्याला पत्रं गेली. उत्तर एकाचंही आलं नाही.

यंदा मात्र इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक गोपाळराव म्हणाले, "रविवारी आमच्या मंडळात बोला. फक्त नमुना शंभर वर्षांआधीचा आहे, एवढं दाखवा." सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याला कुणी बोलायला बोलावलं ते पहिल्यांदाच. इस्त्रीचा सदरा खुंटीला लावून त्याने माळ्यावरची ट्रंक उपसली. तळाशी चौकटींचा कागद निघाला. विणण्याआधी नमुना ज्यावर एकेक चौकट भरून उतरवतात, तो. कमळाभोवती पेन्सिलीची वाटोळी रेघ होती, काहीतरी पालथं ठेवून ओढलेली.

कागद घेऊन तो खाली आला. बायको महानंदा विड्या वळत बसली होती. मांडीशी विडीच्या दोऱ्याचा डबा, कसल्याशा इंग्रजी पावडरचा, झाकणावरचं चित्र बोटांनी झिजलेलं. रोज डोळ्यांपुढे असलेला. तिप्पण्णाने झाकण उचलून कागदावर ठेवलं. ते रेघेत चपखल बसलं. झिजल्या रंगात कमळ होतं आणि डावीकडे, आखूड पाकळीच्या जागी, पोचा.

"ह्यो डबा कुटला गं?"

"मामंजींनी आनलावता की जुन्या बाजारातनं. तुमी भिवंडीला व्हता तवा. ह्यावरनंच कमळ उतरवलं त्यांनी. पोचा आलाय तितं पाकळी दिसंना, म्हनून आखूड काढली. मीच झाकण धरून बसलेवते."

"आन् मला एका शब्दानं सांगितलं न्हाईस?"

"तुमी कदी इचारलं?" ती रागावून म्हणाली नाही, उलट घाबरलीच. "तुमी लिवत बसायचा. मला कुटं वाचता येतंय? मोट्या कायतरी गोष्टी आसतील म्हनलं."

पणजा गेला, आजा गेला, समुद्र गेला. बाप तेवढा उरला, सुनेपुढे मांडी घालून डब्यावरचं चित्र उतरवणारा. त्या बापाबद्दल सहा वह्यांत एक ओळ नव्हती. आता लिहावी म्हटलं तर पेन धरवेना.

रविवारी सदरा खुंटीलाच राहिला. अकराच्या सुमारास गोपाळरावांचा फोन आला, माणसं जमली आहेत म्हणून. फोन महानंदानेच घेतला.

"हायत की घरात," ती म्हणाली. "पन आता बोलायचं न्हाय म्हनत्यात."