पाय न टेकणारा बुधाजी

बुधाजी तायडे दाढी सायकलवर करायचा, आंघोळ सायकलवर करायचा, भाकर सायकलवर खायचा, आणि झोप अनावर झाली तर एक हात हँडलवर ठेवून डुलकीही तिथंच काढायचा. तुम्ही म्हणाल, काहून बाप्पा, घरदार नव्हतं का त्याले? होतं. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात दोन खणांचं नीटनेटकं घर होतं. पण धंदाच तसा पडला. जत्रेच्या मैदानात चुन्याचं रिंगण आखायचं, मधोमध बल्ली रोवून तिच्यावर भोंगा बांधायचा, आणि सात दिवस सात रात्री त्या रिंगणात सायकल चालवत राहायचं. उतरायचं नाही. पाय भुईला टेकला की खेळ खलास, मग तो पहिल्या दिवशी टेको की सातव्या.

अर्धं गाव खेळ पाहायला यायचं आणि अर्धं गाव त्याचा पाय कधी टेकतो ते पाहायला. ही दुसरी मंडळी मोठी चिवट. घोंगडी पांघरून रिंगणाला चिकटून बसायची, डोळे सगळे पायडलवर. बुधाजी त्यांच्यासमोर मुद्दाम सायकल जागच्या जागी उभी करायचा, दोन्ही हात सोडून बिडी पेटवायचा आणि म्हणायचा, "जा न घरी! हा पाय भुईचा नाही, पायडलचा हाय." मग धूर सोडत पुढं निघायचा.

अकोल्यापासून अमरावतीपर्यंत कुठल्या शाळेचं संमेलन असलं की हळू सायकलच्या शर्यतीला त्याला बोलावणं असे. आपल्याकडची ही शर्यत मोठी अजब. जो शेवटी पोचेल तो पहिला, आणि पाय टेकेल तो बाद. बाकीचे पलीकडे जाऊन चहा पिऊन मोकळे व्हायचे, बुधाजी अजून चुन्याच्या रेघेवरच. मास्तर लोकच कंटाळून त्याच्या गळ्यात हार घालायचे.

एकदा मात्र हा गडी सरळ रेषेत गेला होता. छप्पन्न साली धम्मदीक्षेला तो मूर्तिजापूरहून थेट नागपूरपर्यंत सायकलनं गेला. तिथंच त्याला जानराव भेटला. जानराव चिखलदऱ्याच्या घाटसडकेवर मुकादम होता. बोलणं खडी फोडल्यासारखं. धुळीनं भरलेला हा पोरगा आणि त्याची सायकल त्याला आवडली, आणि दोन वर्षांनी त्यानं आपली लेक केशर त्याला देऊन टाकली.

संसार चांगला चालला होता. केशर रिंगणाच्या काठाशी चूल मांडायची, फिरत्या नवऱ्याच्या हाती भाकर द्यायची. तीन पावलं सायकलीसोबत धावायची आणि हसायची. मग एकसष्ट सालच्या कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत घात झाला. दीक्षेनंतर देवाशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं, पण गर्दी तिथं होती म्हणून खेळही तिथं. पाचव्या दिवशी केशरला ताप भरला. बोलली नाही बिचारी. भाकर थापता थापता चुलीशेजारीच आडवी झाली, तवा उलटला, परात घरंगळत रिंगणात आली.

बुधाजीनं पाहिलं. ओरडला, "अवो कोणी पाहा न तिले! पाणी घ्या!" ओरडत राहिला आणि फिरत राहिला. उतरला नाही. फुलांची दुकानं लावलेल्या बायांनी तिला उचलून सावलीत नेलं. तिनं डोळे उघडले तेव्हा नवरा समोरून गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. सातव्या दिवशी बुधाजीच्या गळ्यात हार पडले आणि तो उतरला, तेव्हा चूल थंड होती. निरोप मिळून आलेला जानराव त्याच सकाळी लेकीला मोटारीनं घेऊन गेला होता.

आता एखादा माणूस धावत सुटला असता. पण बुधाजीला वाटलं, येईल चार दिवसांनी, बाईमाणूस रुसतंच. पौष लागला तरी आली नाही. तेवढ्यात अमरावतीहून वामनरावांचा निरोप आला. वामनराव एका व्यायामशाळेचे चिटणीस, धोतर खोचून सगळीकडे पुढं. त्यांनी परतवाड्याहून चिखलदऱ्याला सायकलशर्यत ठरवली होती, आणि तीही सडकेनं नाही. खालच्या गावापर्यंत सडक, तिथून जंगलातल्या जुन्या पाऊलवाटेनं वर! ही खोड हान्स नावाच्या एका स्विस माणसाची. अकोल्याच्या गिरणीत यंत्रं बसवायला आलेला, तोडकंमोडकं हिंदी बोलणारा, लालबुंद आणि आनंदी.

निरोप ऐकून बुधाजी एसटीनं आधी चिखलदऱ्याला सासुरवाडीलाच गेला, बुंदीचा पुडा घेऊन. जानराव ओट्यावर बसला होता. उठला नाही.

"जवाईबापू, नागपूरच्या सडकेवर म्या जो पोट्टा पाह्यला, तो कुठं तरी पोचला होता. त्याले पोरगी देली. तुमी तं फिरून फिरून तिथंच! कुठं तरी पोचून दाखवा, मंग बोलू."

"मामाजी, शर्यत निघून राहिली परतवाड्याहून. इथं वर पोचतो का नाही पाहा." एवढ्यावर थांबला असता तर बुधाजी कसला? मिशीवरून हात फिरवत पुढं म्हणाला, "आन पोचतो तेही पाय न टेकता. भर जंगलातून!"

आत केशरनं भाताचा गंज दाणकन आपटला. बुधाजीला वाटलं, काळजीनं आपटला.

जानराव म्हणाला, "तुमच्याच तोंडचं हाय, ध्यानात ठेवा. पाय न टेकता आले तं केशरले घेऊन जा. टेकला तं या ओट्यावर पुन्हा चढू नका."

"मंजूर," बुधाजी म्हणाला. सासऱ्यानं पोच म्हटलं होतं नुसतं. पाय त्यात यानंच घुसवला. शहाणपणाच्या नावानं बोंब, दुसरं काय!

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सगळे गडी परतवाड्याच्या धर्मशाळेत जमले. हान्सनं त्याच्या मुलखातल्या शर्यतींच्या गोष्टी काढल्या आणि वामनराव मराठीत सांगत गेले. तिकडे म्हणे थंडीतच शर्यत लावतात. चिखल, बर्फ, शेतं, कुंपणं. चालवता आली तर चालवायची, नाही तर खांद्यावर घेऊन टेकडी चढायची. इंग्रज एकेकटा सायकल पळवतो, घड्याळाशी भांडतो. इटलीतली माणसं वाटेत एकमेकांशी भांडतात आणि शेवटी गळ्यात पडून रडतात. मग हान्सनं विचारलं, तुमच्याकडे कसं? बुधाजीनं छाती काढून सांगितलं, आमच्याकडे शेवटचा तो पहिला, आणि पाय टेकला की बाद. हान्स मांडीवर थापा मारत हसला. त्याला ती थट्टा वाटली, आणि बुधाजीला खांद्यावरच्या सायकलीची थट्टा वाटली. दोघंही खुशीत झोपले.

सकाळी शर्यत सुटली. सडकेवर बुधाजी मागेच होता आणि बिनघोर होता. अमरावतीचे पहिलवान गडी दात-ओठ खात पुढं गेले. जाऊ दे न, तो म्हणाला, सडक संपू दे.

सडक संपली आणि बुधाजीचा मुलूख लागला. पाऊलवाटेवर सुटे दगड, सागाच्या मुळ्या, वळणावर बांबूचं बेट. जोरात आलेले गडी दगडावर आपटून एकेक करून आडवे झाले. बुधाजी आपला हळू सायकलीच्या चालीनं, दगडासमोर जागच्या जागी थांबून, चाक उचलून, तोल सांभाळून वर चाललेला. पडलेल्यांना विचारत होता, "काय भाऊ, लागलं का?" ओढ्यापाशी हान्सही मागे पडला. पुढं कोणी नाही! बुधाजीनं मोठ्यांदा शीळ घातली. अंगात असा काही जोम होता की आजच्या आज धारणीपर्यंत जाऊन यावं. केशर कुठलं लुगडं नेसून उभी असेल, तेही त्यानं ठरवून टाकलं.

ओढ्याच्या वरच्या अंगाला वाट अगदी चिंचोळी. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खोल. वळणावरून एक कोरकू म्हातारी समोर आली, डोक्यावर लाकडांची मोळी, नजर पायाखाली. एक हाताचं अंतर. तिला धक्का लागला असता तर ती मोळीसकट खाली गेली असती.

बुधाजीचा पाय टेकला. त्यानं टेकवला म्हणणंही खरं नाही. पाय आपसूक गेला, टाच मातीत रुतली आणि सायकल दरडीला लागली. म्हातारी थबकली, हसली, अंग चोरून बाजूनं निघून गेली. तिच्या लेखी काहीच झालं नव्हतं.

बुधाजी तसाच उभा राहिला. आजूबाजूला चिटपाखरू नाही. खोटं कशाला सांगू, त्याच्या मनात पहिला विचार हाच आला की कोणी पाहिलं नाही. पण दुसरा विचार आला आणि त्यानं मटकन खालीच बसवलं. या ना वळखीच्या ना पाळखीच्या म्हातारीसाठी पाय एका क्षणात गेला. मग केशर चुलीपाशी पडली तेव्हा हा पाय कुठं मेला होता? दोन दिवस, बावा, दोन दिवस तिच्या डोळ्यांसमोरून फिरत होतो आपण! बुधाजी दगडावर बसून ढसाढसा रडला.

तेवढ्यात हान्स आला. सायकल खांद्यावर, गुडघा फुटलेला, चेहरा मात्र लग्नाला निघाल्यासारखा.

"क्या हुआ? सायकल टूटा?"

"नाही. पैर टेका. मैं बाद."

"पैर? पैर तो मेरा कब से जमीन पर है!"

"मग ही सायकलची शर्यत कायची? हमालाची हाय!" बुधाजी चिडून मराठीतच ओरडला.

हान्सला काय समजलं कोण जाणे. त्यानं वर बोट दाखवलं. "तुम ऊपर, सायकल ऊपर. बस! कैसे गया, कोई नहीं पूछता." आणि धापा टाकत निघून गेला.

तुले नाही कोणी पुसत गड्या, बुधाजी मनात म्हणाला, मले पुसणारा वर उभा हाय. पण तो उठला. खेळ गेला, केशर गेली, हे त्यानं धरूनच टाकलं. तरी जे झालं ते तिच्या तोंडावर सांगायचं, मग जानराव हाकलो की मारो. जन्मात पहिल्यांदा त्यानं सायकल खांद्यावर घेतली. काळी, जड, घोड्यासारखी सायकल! दरड चढून वर आला, पुन्हा बसला, आणि सपाटी लागल्यावर असा सुटला की हळू चालवणारा हाच का, असं कोणी विचारावं.

हान्स पहिला आला, बुधाजी दुसरा. ढोल वाजत होते. वामनराव हार घेऊन धावले. बुधाजीनं त्यांना हातानंच थांबवलं आणि सरळ जानरावासमोर जाऊन उभा राहिला. मागे केशर होती. दोन महिन्यांत उतरली होती पोरगी.

"पोचलो मामाजी," तो म्हणाला. "पण पाय टेकला."

"कोणी पाह्यला?"

"कोणी नाही. मोळीवाली म्हातारी आडवी आली, तिले वाचवाले टेकला." मग तो केशरकडे वळला. "तुह्यासाठी टेकाले पाह्यजे होता, केशर. तवा नाही टेकला. माह्यं चुकलं."

जानरावानं खाकरून घसा साफ केला. शब्दाचा पक्का माणूस. बोललेलं फिरवणं त्याला ठाऊक नव्हतं. "ठरलं होतं ते ठरलं..." असं तो म्हणायला लागला.

"बाबा, तुमी उगे राहा," केशर म्हणाली. "ठरवलं तुमी दोघायनं. मले कोणी पुसलं?" ती पुढं आली, खाली वाकली आणि नवऱ्याच्या टाचेला चिकटलेली ओढ्याकाठची लाल माती बोटानं पुसून पाहिली. "याचा पाय भुईले लागते, एवढंच पाहाचं होतं मले. चाला आता घरी."

आणि ती कॅरिअरवर बसली. घाटाच्या उतारावर पहिल्याच वळणाला तिनं त्याच्या पाठीत बुक्की घातली, "टेका पाय! जीव घेता का?" बुधाजीनं मुकाट्यानं टेकवला.

खेळ त्यानं सोडला नाही. पुढं कितीतरी वर्षं रिंगण आखलं, भोंगा लावला. फरक एवढाच की सांज झाली, केशरनं भाकरी उतरवल्या की बुवा सायकल बल्लीला टेकवून सरळ खाली उतरायचा, तिच्याजवळ मांडी घालून जेवायचा, आणि हात धुऊन पुन्हा फिरायला लागायचा. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "परदेशात चालते."

एकदा अकोल्याच्या मैदानावर एक पोरगा ओरडला, "अरे, पाय टेकला! बाद! बाद!" तर पहिल्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेला म्हातारा जानराव काठी आपटत उठला.

"बाद कोणाले म्हणतं रे? बायको जेवाले बसली दिसत नाही का तुले?"