अंगाऱ्याची पाकिटं

रामहरी पोस्टमनची गाडी दारात थांबली की शांतम्मा पदराला हात पुसत बाहेर यायची. तो बिचारा गाडीवरून न उतरताच हाक मारायचा, "काकू, देव आलेत बगा!" आणि हातात पाकिटं ठेवून पुढं जायचा. कधी दोन, कधी चार. वरती छापलेलं, सौ. शांतम्मा महालिंगप्पा बिराजदार, मु. पो. बेंबळी. आत देवाचा चकचकीत फोटो, अंगाऱ्याची पुडी, लाल दोरा, देणगीची पावती. आणि सोबत एक जाडजूड पुस्तक, त्यात रुद्राक्षाच्या माळा, यंत्रं, अंगठ्या, सगळ्याचे फोटो आणि पानापानावर देव. देव नाही असं एक पान सापडायचं नाही, म्हणजे टाकायची सोयच नाही.

हे सुरू कसं झालं तर शिवलीलामुळं. शिवलीला तिची एकुलती एक लेक, मुरूमला दिलेली. लग्नाला सात-आठ वर्षं झाली तरी पाळणा हलेना. दवाखाने झाले, सोलापूर झालं, आणि मग एक दिवस टीव्हीवर एक महाराज सांगत होते की अमुक ठिकाणी अभिषेक करा, घरपोच प्रसाद येईल. शांतम्मानं नवऱ्याला न सांगता पैसे पाठवले. बस्स. एकदाच पाठवले हो! पण त्या ट्रस्टनं तिचा पत्ता कुणाकुणाला वाटला देव जाणे, उत्तरेकडून, दक्षिणेकडून, जिथं तिनं जन्मात पाय ठेवला नव्हता तिथून पाकिटं यायला लागली.

महालिंगप्पाचं घराच्या पुढच्या बाजूला किराणा दुकान. तो हसायचा.

"शांते, आपला देव कुठं असतो?"

"गळ्यात."

"मग हे टपालानं कोन यायलंय?"

शांतम्मा गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरायची आणि पाकिटं आत नेऊन ठेवायची. कारण तोपर्यंत शिवलीलाला दिवस गेले होते. आलेला प्रत्येक अंगारा तिनं लेकीला पोचवला होता, कपाळाला लाव, पाण्यातून घे म्हणून. आता नेमका कुणाचा लागू पडला हे कसं कळायचं? हिमालयातल्या देवाचा की समुद्राकाठच्या देवीचा? एक फेकला आणि तोच असला तर? म्हणून तिनं एकही फेकला नाही. घरातली मागची खोली, जिथं शिवलीला लग्नाआधी झोपायची, ती जमिनीपासून खिडकीपर्यंत पाकिटांनी भरली.

सातव्या महिन्यात विहीणबाई भुवनेश्वरी बेंबळीला आल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं पोरगी कधी न्यायची ते ठरवायला. चहा झाला, चिवडा झाला, आणि मग त्या म्हणाल्या, "खोली दाखवा की."

शांतम्मानं दार उघडलं. गठ्ठ्यामागं खुडबुड झाली. भुवनेश्वरीबाईंनी पुढं होऊन एक गठ्ठा सरकवला तर मागं उंदरानं घर केलेलं, देवांच्या फोटोंच्या बारीक बारीक चिंध्या आणि त्यात डोळे न उघडलेली गुलाबी पिल्लं.

"अवो विहीणबाई," भुवनेश्वरीबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "पोरगी पाठवायला ना न्हाई माझी. पर हितं? बाळाचं बोट कुरतडलं म्हंजी? खोली रिकामी करा, चुना मारा, आन मंग निरोप द्या. आठवा लागायच्या आत."

चुकीचं काय बोलल्या त्या? काहीच नाही. शांतम्मालाही तेच वाटलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं पाकिटावरच्या नंबरवर फोन लावला. तिकडून एक पोरगी गोड आवाजात, "जय हो माताजी!"

"हमकू अब मत भेजो," शांतम्मा म्हणाली. "घर में जगा नई."

"माताजी, आपका नाम संकल्प में लिखा है. नाम काटेंगे तो संकल्प खंडित हो जाएगा. घर में कोई शुभ समाचार है क्या?"

शांतम्मानं फोन कानापासून लांब धरून बघितला. हिला कसं कळलं? (कळलं कशाचं, सगळ्यांनाच तसंच विचारत असणार, पण शांतम्माला कोण सांगणार!) "न्हाई न्हाई, र्‍हाऊ द्या, नाव र्‍हाऊ द्या," म्हणून तिनं फोन ठेवला. त्यानंतर पाकिटांसोबत फोनही यायला लागले.

रद्दीवाल्याला बोलवलं. त्यानं वरचं पुस्तक उघडलं आणि लगेच मिटलं. "मावशी, पेपर आसंल तर द्या. ह्यो चिकना कागद कुनी घेत न्हाई. आन देवाचं तर म्या हात बी लावत न्हाई, पुडं कारखान्यात पान्यात कालवून लगदा करतेत, ते पाप कुनाला?"

महालिंगप्पानं दुकानात त्या पानांच्या पुड्या बांधून बघितल्या. कागद इतका गुळगुळीत की पुडी वळली की आपोआप सुटायची, शेंगदाणे गिऱ्हाईकाच्या पायावर. वर एक म्हातारा म्हणाला, "आप्पा, देवाच्या तोंडावर मीठमिरची बांधून देता व्हय?" ते पण बंद.

मग राहिला पिंपळाचा पार. गावात कुणाचाही देवाचा फोटो फुटला, जुना झाला की पारावर नेऊन ठेवतात, तिथं चालतं. शांतम्मा पहाटेच पोती घेऊन गेली, नवऱ्यानं हातगाड्यावरनं पोचवली. मांडताना तिनं प्रत्येकाला हात जोडले. घरी आल्यावर कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली, दोन भाकरी खाल्ल्या.

दिवस मावळायला पाराची देखरेख करणारे उत्तरेश्वर दारात. मागं टेम्पो, टेम्पोत तीच पोती.

"वहिनी, आवो एकदोन फोटो समजू शकतो. दुपारी वारं सुटलं आन सगळे देव गटारीत! पोरं गोळा करूलालीत तर परत्येकावर तुमचंच नाव. गटारीत तुमचं नाव पडलं, बरं दिसतं का?"

"भावजी, मी नाव फाडून आनते."

"कशाला आनता! पारावर झाडाला जागा र्‍हायली न्हाई."

पोती परत मागच्या खोलीत. त्यातली निम्मी ओली, आता वासही यायला लागला. आणि आठवा चार दिवसांवर.

शिवलीलाचा आईला रोज फोन. "अव्वा, झाली का खोली? मला लई घरी यावं वाटायलंय. तुझ्या हातची ज्वारीची आंबील प्यायचीय. हितं सारखं सारखं मागाया लाज वाटती."

"व्हायली बाळा, व्हायली."

कुठं व्हायली होती! त्या दुपारी गल्ली झोपलेली असताना शांतम्मानं परसात तुरीच्या वाळलेल्या तुराट्या रचल्या. दोन काड्या वाऱ्यानं विझल्या, तिसरी लागली. मनात एकच, माझी पोरगी आधी, मग देव बघून घेतील मला. काय लागायचं ते पाप मला लागू दे. आणि तिनं पहिला गठ्ठा टाकला.

पण तो कागद जळतोय कुठं नीट! वरचं प्लॅस्टिक वितळायचं, पानं गोल गोल वळायची, धूर काळाकुट्ट, आणि देवांचे अर्धे चेहरे तसेच राहायचे, एक डोळा, अर्धा मुकुट. ती काठीनं ढोसत होती, रडत होती, पुन्हा टाकत होती. धूर बघून शेजारची कमलबाई भिंतीवरनं डोकावली.

"अगं बया! देव जाळायलीस?"

शांतम्मानं हातातला गठ्ठा पाठीमागं लपवला. कमलबाईनं डोक्यावर पदर घेतला, दोनदा कानाला हात लावले आणि आत गेली. तिची भाची मुरूमलाच दिलेली, भुवनेश्वरीबाईंच्याच गल्लीत. पुढचं काय सांगायचं.

महालिंगप्पा दुकान उघडं टाकून मागं आला. चेष्टा करायला त्यानं तोंड उघडलं असेलही, पण बायकोकडं बघून त्यानं तिच्या हातातली काठी घेतली आणि स्वतः ढोसायला लागला. ती गठ्ठे आणून टाकत राहिली, सगळं संपेपर्यंत. मग तो म्हणाला, "खोली तर झाली न्हवं रिकामी. चल, चुना भिजव."

चुना मारला. खोली काय पांढरी दिसत होती! खिडकीतनं ऊन आत आलं, कित्येक दिवसांनी. शांतम्मानं फोन हातात घेतला तोच तिकडनं आला.

"विहीणबाई," भुवनेश्वरीबाईंचा आवाज चढलेला नव्हता, घाबरलेला होता. "कळलं आमाला. देवानं दिवस दाखवले आन तुमी देव जाळले. खरं हाय का?"

"उंदरं झाली म्हनून... तुमीच म्हनलात रिकामी करा..."

"रिकामी करा म्हनलं, जाळा म्हनलं का? राग न्हाई माझा. पर आता माझी छाती होत न्हाई सून तिकडं पाठवायची. आठ वर्षांनी आलंय हो. काय झालं तर कुनाला इचारायचं?"

शांतम्मानं भांडायला पाहिजे होतं. फोनवर बोंबलायला पाहिजे होतं की त्या कागदात देव नव्हते, धंदा होता! पण तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "व्हय, बराबर हाय." कारण तिलाही तीच भीती वाटत होती. काडी ओढल्यापासून वाटत होती.

मग शिवलीला फोनवर आली. रडलेला आवाज.

"अव्वा, मी म्हनले त्यांना. लई म्हनले."

"र्‍हाऊ दे. जिवाला लावून घेऊ नगं." शांतम्मा भिंतीला टेकली, ओला चुना पाठीला लागला. "मी येऊ का तिकडं? एका कोपऱ्यात र्‍हाईन. आंबील करून घालीन."

 तिकडं मागं भांडी वाजली, कुणीतरी शिवलीलाला आत बोलवलं.

"बघू अव्वा," शिवलीला म्हणाली.

बघू म्हणजे काय ते शांतम्माला कळत होतं. पोरगी लहान होती तेव्हा जत्रेला जायचं म्हणून मागं लागली की शांतम्मा तेच म्हणायची, आणि जत्रा उठून जायची.

"बरं," ती म्हणाली. "बघ."